मुंबईत हिंडावे कसे

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘मुंबईत हिंडावे कसे’ असे सांगितले, आणि ते जरा चपापले. कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेला माणूस किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला तो काही सहलीची माहिती देण्यासाठी नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. परंतु माझे शालेय शिक्षण बेताचे. जे थोडेफार वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात उभ्याउभ्याने झाले. तेव्हा ज्या विषयात स्वतःच्या वहाणा झिजल्या आहेत त्यावरच बोलावे, हे बरे.

मी मूळचा हिवरे बाजारचा. नगरपासून सतराएक किलोमीटरवरचे हे गाव. पाऊस बेताचा, डोंगर उघडे, विहिरी फाल्गुनातच तळाला. १९७२ च्या दुष्काळाने गावाचे कंबरडे मोडले असे वडीलधारी सांगत. त्यानंतरची पंधरावीस वर्षे ज्याला चालता येत होते तो चालता झाला. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. मीही १९८७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याची ट्रंक घेऊन निघालो. त्या काळी आमच्याकडे ‘मुंबईला गेला’ याचा अर्थ एकच होता : पोटासाठी गेला. मुंबई पाहायला जाणे ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

पुढे १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदानाने बांध घातले, डोंगराला चर खणले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी मानली. पाण्याचा दर वर्षी ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणेच पिके घ्यायची, अशी रीत बसली. गेलेली पुष्कळ कुटुंबे परत आली. ही हकीकत आपणांस ठाऊक आहे, म्हणून लांबवीत नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. आता आमच्या गावात बाहेरचे लोक मोटारी भरून ‘पाहायला’ येतात आणि आमची माणसे चार पैसे गाठीला बांधून मुंबई ‘पाहायला’ जातात. म्हणजे दोन्हीकडून पाहुणे झाले. गाव पाहायला आलेला एखादा उत्साही गृहस्थ चराच्या भरावावर चढून छायाचित्र काढू लागला की आमच्या म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तो वाईट माणूस नसतो; ती माती कोणी कशी बसवली हे त्याला माहीत नसते, इतकेच. मुंबईत गेल्यावर आपणही नेमके तेच करतो. सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावर मधोमध थांबून, पिशव्या खाली ठेवून, ‘आता कोणीकडे?’ असा विचार करीत उभे राहतो, आणि मागून येणाऱ्या हजार माणसांचा बांध फुटतो. तेव्हा हिंडावे कसे हा प्रश्न सोयीचा आहे तसाच रीतिभातीचाही आहे.

प्रथम शहराची ठेवण ध्यानात घ्यावी. मुंबई मूळची सात बेटांची. मधल्या खाड्या बुजवून ती एकत्र केली. पायधुणी हे नाव आजही आहे; खाडीचे पाणी ओलांडून आलेला माणूस तेथे पाय धूत असे म्हणून ते पडले, असे सांगतात. या भरणीमुळे शहर दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम चिंचोळे झाले. पुण्यासारखे किंवा आपल्या नगरसारखे ते मध्यातून चौफेर पसरलेले नाही. टोकियोत एक रेल्वेमार्ग शहराला गोल फेरी घालतो. चुकलात तरी बसून राहा, फिरून तेथेच याल. मुंबईत तशी सोय नाही. येथे मार्ग आहेत ते कासऱ्यासारखे लांब, आणि चुकीच्या टोकाकडे बसलात तर गाडी तुम्हाला थेट विरारला नाहीतर कसाऱ्याला नेऊन सोडते.

हे मार्ग मुख्यत्वे तीन. मध्य रेल्वेचा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे-कल्याणकडे जाणारा. पश्चिम रेल्वेचा चर्चगेटपासून बोरिवली-विरारकडे जाणारा. आणि हार्बर, जो शिवाजी टर्मिनसहून निघून वडाळ्याला फुटतो, एक फाटा कुर्ल्यावरून पनवेलकडे आणि दुसरा वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे. मध्य आणि पश्चिम यांची गाठ दादरला पडते, मध्य आणि हार्बर यांची कुर्ल्याला. दादर आणि कुर्ला ही दोन नावे पाठ असली की निम्मी मुंबई पाठ झाली.

यांतला पहिला मार्ग तर साऱ्या हिंदुस्थानातला पहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत चौतीस किलोमीटर गाडी धावली; नाना शंकरशेटांसारख्या मंडळींनी त्यासाठी खटपट केली होती. विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी आली, तीही बोरीबंदर ते कुर्ला. आपण नगरकरांनीही वाहतुकीच्या इतिहासात मान खाली घालण्याचे कारण नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर याच रस्त्यावर.

आता आमच्या भागातून जायचे कसे? पुष्कळ लोक पुण्यावरून जातात. माझे मत निराळे आहे. आमचा भाग कल्याण रस्त्याच्या बाजूचा. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड असे करीत एस.टी. कल्याणला उतरवते. तेथून लोकल धरावी. कल्याण ते शिवाजी टर्मिनस चोपन्न किलोमीटर. दुसऱ्या वर्गाला पंधरा-वीस रुपयांत काम होते. पृथ्वीच्या पाठीवर इतक्या पैशांत इतका लांब नेणारी वाहने फार थोडी असतील. खाजगी मोटार घेऊन मुंबईत शिरू नये. गाडी उभी कोठे करायची या काळजीत सगळी सहल जाते, आणि मुंबई पाहण्याऐवजी पुढच्या मोटारीचे बूड पाहावे लागते.

लोकलच्या फलाटावर डोक्याच्या वर पाटी असते. तिच्यावर शेवटचे स्थानक, वेळ, गाडी बारा डब्यांची की पंधरा, आणि धीमी की जलद, हे लिहिलेले असते. पाहुण्याची फसगत होते ती बहुधा या शेवटच्या शब्दाने. धीमी सर्व स्थानकांवर थांबते, जलद मोजक्याच. मी पहिल्या दिवशी कल्याणला जी समोर आली त्या गाडीत ट्रंकेसह चढलो. मला उतरायचे होते मस्जिदला, कारण आमच्या भावकीतला एक जण तेथे दाणाबंदरात हमाली करीत होता. गाडी होती जलद. जलद गाडी भायखळ्याहून सुटली की सँडहर्स्ट रोडला थांबत नाही आणि मस्जिदलाही नाही. मस्जिदची पाटी डोळ्यांसमोरून सरकन गेली आणि मी ओरडलो, “अहो, माझं ठेसन गेलं!” डबाभर माणसे हसली. एक जण मात्र हसला नाही; त्याच्या अंगात खाकी शर्ट होता, तो म्हणाला, “पाव्हणं, शेवटी गाडी थांबतेच. उतरा, आन् आल्या वाटेनं किलोमीटरभर मागं चाला.” ट्रंक डोक्यावर घेऊन मी चाललो. मुंबईतली माझी पहिली पायपीट ती.

परत येताना उलटा घोटाळा होतो. कल्याणला यायचे म्हणून माणसे ‘कल्याण’ अशाच पाटीची वाट पाहत बसतात आणि समोरून कसारा, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली अशा सहा गाड्या निघून जातात. या सगळ्या कल्याणवरूनच पुढे जातात. उलट ठाणे, डोंबिवली अशी पाटी असलेली गाडी अलीकडेच संपते. पश्चिमेकडे आणखी एक नियम आहे, तो कोणत्याही छापील पुस्तकात नाही. अंधेरीला किंवा बोरिवलीला उतरायचे असेल तर गर्दीच्या वेळी विरारची जलद गाडी धरू नये. त्या गाडीतली माणसे तासाभराच्या प्रवासाची तयारी करून दारात घट्ट बसलेली असतात. मध्येच उतरू पाहणारा त्यांना उपटसुंभ वाटतो. प्रसंगी उतरूही देत नाहीत. त्यांना दोष देण्यापूर्वी एकदा त्यांच्याबरोबर विरारपर्यंत जाऊन पाहावे.

प्रत्येक स्थानकाला दोन तोंडे असतात, पूर्व आणि पश्चिम. मुंबईकर पत्ता सांगताना ईस्ट की वेस्ट हे आधी सांगतो, कारण चुकीच्या बाजूला उतरलात तर रूळ ओलांडायला पुलाशिवाय मार्ग नाही. येथे मी जरा थांबणार आहे. पूल लांब असतो, जिना उंच असतो, बरोबर म्हातारे माणूस असते, आणि समोर चारदोन माणसे रुळांवरून सहज पलीकडे जाताना दिसतात. आपल्या गावी आपण असेच रूळ ओलांडतो. परंतु तेथे दोन गाड्यांच्या मध्ये अर्धा दिवस असतो आणि येथे दोनतीन मिनिटे. शिवाय एक गाडी जाताना तिच्या आवाजात दुसरीची चाहूल लागत नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत रूळ ओलांडणारांचा वाटा मोठा, त्याखालोखाल दारातून पडलेले. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकून चाललेली माणसे खाली पडून प्राणास मुकली. आणि पूल तरी निर्धोक असतो असे नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी होऊन तेवीस जण गेले. त्यांत पुष्कळ कामावर निघालेली माणसे होती. आता त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी आहे आणि तेथे नवा पूल आहे. पूल मागूनही वेळेवर मिळत नाही आणि माणसे गेल्यावर मिळतो, हा आमच्या चळवळीचा जुनाच अनुभव आहे. परंतु तो विषय आजचा नव्हे.

यावर उपाय म्हणजे वेळ. सकाळी आठ ते अकरा लोंढा दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे परततो. पाहुण्याने अकरा ते चार या वेळात लोकलने जावे-यावे, किंवा लोंढ्याच्या उलट्या दिशेने. ज्यांना वेळेवर पंच करायचा आहे, उशीर झाला तर खाडा पडणार आहे, त्यांच्या वाट्याचा हातभर फलाट आपण आपल्या हौसेसाठी अडवू नये. दुपारी डबा रिकामा असतो, बसायला जागा मिळते, खिडकीतून शहर दिसते. तिघांच्या बाकावर चौथा येऊन नुसते ‘जरा’ म्हणाला, तर सरकावे. ही चौथी सीट म्हणजे मुंबईतला सर्वांत जुना, कोठेही न नोंदलेला करार आहे. तो मोडलेला मी पाहिला नाही.

तिकीट खिडकीवर, यंत्रावर किंवा मोबाइलवर मिळते. परतीचे एकदमच काढावे. एक, तीन वा पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही असते. दिवसभर चढउतार करणाऱ्याला ते सोयीचे. डब्यावर बाहेरून तिरपे पट्टे दिसले की तो पहिला वर्ग समजावा. गर्दी कमी दिसते म्हणून आपली माणसे त्यात शिरतात आणि दंड भरून उतरतात. वातानुकूलित गाडीलाही साधे तिकीट चालत नाही. बायकांचे डबे निराळे, अपंग आणि आजारी यांचा निराळा. बरोबर बायाबापड्या असतील तर त्यांना कोणत्या स्थानकावर उतरायचे ते आधी नीट सांगून, शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. आपला डबा एक आणि त्यांचा दुसरा. नवऱ्याने हाक मारून उतरवण्याची सोय तेथे नसते.

रविवारी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मध्य आणि हार्बर मार्गांवर रविवारी बहुधा दुपारी ‘मेगाब्लॉक’ असतो, म्हणजे काही तास काही रूळ बंद ठेवून दुरुस्ती करतात. सहलीला गेलेले लोक नेमक्या त्याच दिवशी अडकतात आणि रेल्वेच्या नावाने बोटे मोडतात. त्या तासांत उन्हात रुळाखालची खडी सारखी करणारा ट्रॅकमन असतो. आपल्याला रविवारची सुटी मिळाली तीही आकाशातून पडलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची बाजू लावून धरली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मान्य झाली. त्या सुटीत आपण एलिफंटा पाहायला जातो. तेव्हा आदल्या रात्री मोबाइलवर ब्लॉकची वेळ पाहून ठेवावी आणि त्याप्रमाणे निघावे.

लोकल ही शहराचा कणा, पण हाडांना जोडणारे सांधे म्हणजे बेस्टची बस. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामपासून हा प्रकार सुरू झाला. १९०७ साली विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, १९४७ साली कारभार महापालिकेकडे आला आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. बसच्या कपाळावरचा क्रमांक आणि शेवटचा थांबा मराठीत वाचता येतो, हे आपल्या माणसाला केवढे सुख आहे! २०१९ साली भाडे उतरवून किमान पाच रुपये केले होते, ते २०२५ च्या मे महिन्यात दहा झाले. खरी अडचण भाड्याची नाही, गाड्यांची आहे. एके काळी चार हजारांवर बसगाड्या होत्या. २०२५ पर्यंत तो आकडा तीन हजारांच्या खाली आला, आणि त्यांतल्याही पुष्कळ कंत्राटदारांच्या. २०१९ च्या जानेवारीत बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवस संप केला तेव्हा लोक चिडले होते. थांब्यावर अर्धा तास उभे राहावे लागले की मला तो संप आठवतो. तरीही वेळ असेल त्याने बसनेच हिंडावे. लोकलमधून घरांच्या पाठी दिसतात, बसमधून तोंडे दिसतात.

रिक्षा वांद्र्याच्या आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाही, टॅक्सी सगळीकडे चालते. दोन्हींना मीटर असते. बसण्यापूर्वी ‘मीटरने’ एवढाच शब्द उच्चारावा. किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला सव्वीस आणि टॅक्सीला एकतीस रुपये केले आहे. मुंबईचा टॅक्सीवाला सहसा फसवत नाही, ही माझी तीसपस्तीस वर्षांची साक्ष. फसवतो तो स्टेशनाच्या दारात ‘साहेब, कुठं जायचं?’ म्हणत पिशवीला हात घालणारा. त्याच्याकडे न पाहता शंभर पावले चालावे.

नव्या गोष्टींत मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा पहिला मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. लोकलच्या मार्गांना आडवा जाणारा असल्यामुळे तो फार उपयोगी. पूर्वपश्चिम जाणे हेच मुंबईत कठीण. पाहुण्याला अधिक कामाचा आहे तो भुयारी मार्ग, आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरचा. तो २०२५ च्या ऑक्टोबरात पुरा खुला झाला. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, हुतात्मा चौक ही सगळी नावे एकाच मार्गावर आली. स्वच्छ आहे, थंड आहे, म्हाताऱ्यांना सरकते जिने आहेत. माझी तक्रार एवढीच की जमिनीखालून जाणाराला वरची मुंबई दिसत नाही. जाताना मेट्रोने जावे आणि येताना बसने.

काय पाहावे हे मी सांगत बसत नाही. ती यादी ज्याच्या त्याच्या आवडीची. दोनचार सूचना मात्र करतो. राणीचा बाग आणि त्याला लागून असलेले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, एलिफंटा सोमवारी. गेटवेहून एलिफंट्याला होडीने तासभर लागतो; होडीत बसल्याबरोबर जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे आणि अंगात घालावे, मांडीवर ठेवू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी होडीवर आदळून माणसे बुडाली. शिवाजी टर्मिनसची इमारत स्टीव्हन्स या वास्तुकाराची. १८७८ साली सुरू झालेले तिचे काम दहा वर्षे चालले. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. आपले लोक तिच्यातून धावत बाहेर पडतात आणि मग इमारत कोठे आहे म्हणून विचारतात. रस्ता ओलांडून समोर जावे आणि वळून पाहावे. सकाळी साडेअकराच्या सुमारास चर्चगेटला असाल तर डबेवाल्यांची वाटणी पाहावी. मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला व्यवहार, डब्याच्या झाकणावरच्या खुणांवर चाललेला. पाहावे, पण वाटेतून बाजूला उभे राहून. त्यांच्यापाशी बोलायला वेळ नसतो.

हुतात्मा चौकात शेतकरी आणि कामगार हातांत मशाल धरून उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी पडलेल्यांचे ते स्मारक. तेथे आपला माणूस पाच मिनिटे थांबला नाही तर मला वाईट वाटते. आणि वेळ मिळाला तर करी रोडला नाहीतर चिंचपोकळीला उतरून लालबाग-परळच्या रस्त्यांनी चालावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार उघडे दिसले नाही. काही धुराडी अजून उभी आहेत. त्यांच्या पायथ्याशी काचेचे मॉल आणि मनोरे आहेत, आणि त्यांत साफसफाई करणारी माणसे आहेत, त्यांत गिरणी कामगारांची नातवंडेही सापडतात.

वाट विचारावी ती पोलिसाला, पेपरवाल्याला किंवा चांभाराला. ही माणसे एका जागी बसतात म्हणून त्यांना आजूबाजूचे माहीत असते. जुनी नावे ठेवून घ्यावीत. काळा घोडा म्हणतात त्या चौकातला राजपुत्राचा पुतळा १९६५ साली हलवला, तरी नाव राहिले. पुढे २०१७ साली नुसता घोडा, स्वाराशिवाय, पुन्हा उभा केला. व्ही.टी. म्हटले तर टॅक्सीवाल्याला आजही कळते.

मागल्या वर्षी मी आमच्या बाजूची एकोणीस माणसे घेऊन गेलो होतो. त्यांत एक आक्का होत्या, पंचाहत्तरीच्या. राणीचा बाग, चौपाटी, हाजी अली, काही काही नको म्हणाल्या. “मला तेवढं मस्जिद दाव,” एवढेच. त्यांच्या मालकांनी बावीस वर्षे दाणाबंदरात पोती वाहिली. त्या बावीस वर्षांत आक्का मुंबईला एकदाही आल्या नव्हत्या. महिन्याला मनिऑर्डर यायची, दिवाळीला माणूस यायचा. पुढे धान्याचा बाजार वाशीला गेला आणि ते गावी परतले. गावाला पाणी आल्यावर सात-आठ वर्षे शेती करून वारले.

मंडळींना गेटवेला सोडून मी आणि आक्का मस्जिदला गेलो. पुलाचा जिना त्या बसत बसत चढल्या. पूर्वेकडे उतरून गल्लीत गेलो तर हातगाड्यांची तीच दाटी, मसाल्याचा तोच ठसका. धान्याची बहुतेक दुकाने गेलेली, पण गोदामे होती. कोणत्या गोदामात त्यांचे मालक होते ते मला सांगता येईना. आक्कांनी एका दाराशी थांबून, पाठीवरून पोते उतरवणाऱ्या पोराला विचारले, “किती किलोचं हाय रं?”

“पन्नासचं, आजी.”

“आमच्या ह्येंच्या वक्ताला शंभरचं असायचं.”

पोते शंभरावरून पन्नासावर यावे म्हणून हमालांच्या संघटना किती वर्षे भांडल्या, १९६९ चा माथाडी कायदा कसा झाला, अण्णासाहेब पाटलांनी काय केले, हे सगळे माझ्या तोंडाशी आले होते. मी बोललो नाही. पोराने विचारले, “कुठल्या तुम्ही?” आक्कांनी गावाचे नाव सांगितले. “ते पाण्याचं गाव? मोबाइलवर पाहिलंय मी,” तो म्हणाला, आणि दुसरे पोते घ्यायला वळला. आक्का त्या दाराच्या उंबऱ्याला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “चल. गर्दी व्हायच्या आत गाडी धरू म्हणाला हुतास न्हवं?”

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. कल्याणची धीमी आली. आक्कांना खिडकी मिळाली.